आमिष दाखवू नकोस

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

धारूरच्या डोंगरातल्या वस्तीवर तुझी पहिली नेमणूक, आणि तिसरीतली निम्मी पोरं ‘शिकायलाच तयार नाहीत’ म्हणून तू रडकुंडीला आलीस. त्यावर उपाय काय, तर पाढे म्हणेल त्याला स्टार, दहा स्टारला कंपासपेटी. बाई गं, काय करायलीस हे? आमिष दाखवू नकोस.

१९७३ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या एका प्रयोगाबद्दल लेख छापून आला. चित्रांची आवड असलेल्या काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. मिळालंही. पुढे मोकळ्या वेळात ती मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रांपाशी बसली. ज्यांना न सांगता अवचित दिलं, त्यांचं काही बिघडलं नाही. म्हणजे पाठ थोपटायला माझी ना नाही. सौदा करू नकोस. तू म्हणशील, त्या मुलांना मुळात आवड होती, माझ्या पोरांना कुठं आहे? नाही हे तुला कुणी सांगितलं?

माझ्या वर्गात एक पोरगा असाच गप्प. आईबाप ऊसतोडीला, कोयत्यावर, हा आजीपाशी. भागाकार म्हटलं की मान खाली. एकदा जेवताना सहज विचारलं, तर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल किती, टनाला दर किती, किती टन तोडल्यावर ती फिटेल, सगळं तोंडपाठ! “फिटल्याबिगर येत न्हाईत बाई,” म्हणाला. मग फळ्यावर तोच हिशोब मांडला. कंपासपेटी लागली नाही.

तामिळनाडूतल्या ऊस उत्पादकांची तोडणीआधी, हात आखडलेला असताना, आणि नंतर पैसा आल्यावर चाचणी घेतली, त्याचा निष्कर्ष २०१३ मध्ये आला. तीच माणसं तोडणीआधी कमी पडली. जाणत्या शेतकऱ्याचं डोकं काळजीत चालत नाही, आणि आईच्या आठवणीनं झुरणाऱ्या लेकरानं तुझ्या स्टारसाठी ते चालवावं?

डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ तीन गरजा सांगतात: आपल्या मनानं करता येणं, जमतंय असं वाटणं, कुणीतरी आपलं असणं. पाढे म्हणायचे की हिशोब मांडायचा, एवढं जरी पोराला निवडू दिलंस तरी सुरुवातीला पुष्कळ.

मला हेकट म्हणायचे. बक्षिसांचा तक्ता नाही म्हणून तपासणीत शेरा बसला. शेजारच्या वर्गाचे फोटो पेपरात यायचे, माझ्या वर्गाचं नावही नाही. लागायचं मनाला, अजून लागतं. पण मे महिन्याच्या उन्हात माझीच पोरं गोष्टीची पुस्तकं मागायला घरी यायची. माझं बरोबर होतं. आमिष दाखवू नकोस.

आता कुणाचे आईबाप कारखान्याला गेलेत, कोण कुणाकडे जेवतं, याची यादी काढ. आईबाप तोडीला गेले की पोरांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाची सोय होते का, मुख्याध्यापकांना विचार. ‘बघू’ म्हणतील. परत विचार. शाळा व्यवस्थापन समितीत विचार. आणि रविवारी फोन कर, पण रडायला नव्हे.

तुझ्या बाई