आइस हॉकीत चौथ्या लाइनला दांडगट प्लेअर घ्यावेत की फास्ट?

फास्टच घ्या, पण अंग लावायला न घाबरणारे. ही लाइन, म्हणजे सगळ्यात कमी खेळणारं तीन फॉरवर्डचं त्रिकूट, साधारण ८-१० मिनिटंच खेळते, त्यात पक (खेळाची रबरी चकती) स्वतःच्या झोनमधून बाहेर काढता आला नाही की दमून लांब मारतात आणि आयसिंग होतं (आपल्या अर्ध्या भागातून मारलेला पक कोणाला न लागता समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे जातो), आणि २००५-०६ पासून एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये आयसिंग करणाऱ्या टीमला प्लेअर बदलता येत नाहीत, म्हणजे तेच तिघं धापा टाकत परत फेसऑफला (दोघांच्या मधे पक टाकून खेळ सुरू करतात तिथे) उभे. मी मॅचेस बघताना स्लो लाइनचं हेच होताना बघतो. २०२३ ला एनएचएलचा स्टॅन्ली कप जिंकलेल्या व्हेगसची कॅरिअर-रॉय-कोलेसार लाइन बघा, तिघंही धिप्पाड, पण फोरचेकला (समोरच्यांच्या झोनमध्ये पकसाठी दबाव टाकायला) आधी पोचायचे म्हणून त्यांच्या हिट्सचा (अंगाने दिलेल्या धडकांचा) उपयोग व्हायचा. फक्त तुमचे टॉपचे प्लेअर सारखे मार खात असतील तर तिघांतला एक दणकट हवाच, मात्र त्याला स्केटिंग जमलं पाहिजे.