सिझरमध्ये गेलेलं रक्त परत चढवलं तर चालतं का?

प्रश्न: माझी मुलगी मुंबईला असते, आठवा लागलाय. आधीची दोन्ही सिझर. आता सोनोग्राफीत वार खाली आहे, जुन्या टाक्यावरच आलीय असं निघालं. डॉक्टर बोलले रक्त खूप जाऊ शकतं, सेल सेव्हर मशीन तयार ठेवू, तिचंच रक्त धुवून तिला परत देऊ. तिचा ग्रुप बी निगेटिव्ह. पण त्या रक्तात पाणमोटीचं पाणी मिसळलेलं असणार ना? घरात सगळे घाबरलेत. – एक आई, देवगड

उत्तर: ताई, शंका बरोबर आहे, डॉक्टरसुद्धा कितीतरी वर्षं ह्याच भीतीने बाळंतपणात हे मशीन लावत नव्हते. गर्भजल आईच्या रक्तात जाऊन एकदम श्वास-बीपी ढासळतं तो प्रकार क्वचित होतो पण जीवघेणा असतो, म्हणून.

पण खेचलेलं रक्त तसंच्या तसं चढवत नाहीत हो. ते गुठळी न होण्याच्या औषधात मिसळून डब्यात जमा होतं, मग मशीनमधल्या वाटीत गरागरा फिरतं, जड लाल पेशी कडेला बसतात आणि वरून सलाइन सोडून धुतात, टाकाऊ पिशवीत आधी कोकम सरबतासारखं पाणी येतं ते निवळेपर्यंत, आपण तांदूळ धुतो तसंच. बरेच जण गर्भजल वेगळ्या नळीने आधीच काढून टाकतात, आणि परत देताना फिल्टर लावतात. फिल्टरने कधीकधी बीपी उतरतं, म्हणून भूलतज्ज्ञ लक्ष ठेवून असतात.

ब्रिटनमध्ये 26 हॉस्पिटलात सुमारे 3000 बायकांवर अभ्यास झाला, 2017 मध्ये छापून आला. गर्भजलाचा तो प्रकार एकीलाही झाला नाही. मात्र सरसकट सगळ्या सिझरला मशीन लावून फारसा फायदाही दिसला नाही, बाहेरचं रक्त लागायचं प्रमाण 3.5 टक्क्यांवरून 2.5 वर आलं, एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. तुमच्या मुलीसारखी केस असेल तर मात्र मी हो म्हणेन.

खरी काळजी तिच्या निगेटिव्ह ग्रुपची. मशीनला आईची लाल पेशी कुठली, बाळाची कुठली ते कळत नाही. बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळाचं रक्त नेहमीपेक्षा जास्त तिच्यात जातं, त्याच अभ्यासात तसं दिसलंय. म्हणून रक्त परत चढवल्यावर बाळाच्या पेशी किती गेल्या ती टेस्ट करा म्हणावं, आणि अँटी-डी, म्हणजे बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध आईच्या अंगात अँटीबॉडी तयार होऊ नयेत म्हणून देतात ते इंजेक्शन, 72 तासांच्या आत, 1500 युनिटपेक्षा कमी नको, टेस्टमध्ये जास्त निघालं तर डोस वाढवावा लागतो.

आणि मशीन आहे म्हणून डोनर नकोत असं करू नका, धुताना प्लेटलेट आणि रक्त गोठवणारे घटक वाहून जातात, ते बाहेरूनच आणावे लागतात. बी निगेटिव्ह आयत्या वेळी मिळणं मुंबईतही कठीण, तेव्हा जावईबापूंना आत्ताच ब्लड बँकेत पाठवा. आधीच्या दोन्ही बाळंतपणांत अँटी-डी घेतलं होतं का तो कागदही शोधून ठेवा, कारण रक्तात अँटीबॉडी आधीच तयार झाल्या असतील तर आता ते इंजेक्शन देऊन उपयोग नाही, आणि तिला लागणारं रक्त जुळवायलाही ब्लड बँकेला जास्त वेळ लागेल.