वाचकांचे प्रश्न : बुधवारच्या रात्रीची ग्रीक कोळंबी

प्रश्न : आमच्या घरी बुधवारी आणि शुक्रवारी मासळी असते. कामावरून परतायला साडेसात वाजतात आणि मुलांना साडेआठच्या आत जेवायला लागते. मागच्या आठवड्यात टोमॅटो आणि फेटा चीज घालून ग्रीक पद्धतीची कोळंबी करून पाहिली. हळद, लिंबू आणि आले-लसणाच्या वाटणात ती अर्धा तास मुरवली आणि मग टोमॅटोत पंधरा मिनिटे शिजवली. कोळंबी चिवट झाली, रस आंबट आणि पाणचट राहिला. काय बदलावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : या पदार्थाला ग्रीसमध्ये गारिदेस सागानाकी म्हणतात. दोन कानांच्या लहान, उथळ भांड्यात तो शिजतो आणि त्याच भांड्यातून वाढला जातो. थेसालोनिकीच्या बाजूला, जिथल्या आखातात शिंपल्यांची शेती होते, तिथे कोळंबीऐवजी काळे शिनाणे घालूनही तो करतात. आपण घेतलेले बहुतेक जिन्नस योग्यच होते, पण वेळेची वाटणी उलटी झाली. इथे वेळ द्यायचा तो टोमॅटोला. कोळंबी अगदी शेवटी येते.

लिंबातले आम्ल कच्च्या कोळंबीतील प्रथिनांवर जवळजवळ उष्णतेसारखेच काम करते. त्यामुळे अर्धा तास मुरलेली कोळंबी विस्तवावर जाण्यापूर्वीच बाहेरून घट्ट होऊ लागते, आणि पुढच्या पंधरा मिनिटांत तिच्या अंगातले पाणी निघून रसात उतरते. कोळंबी चिवट आणि रस पातळ, या दोन्ही तक्रारींचे मूळ बरेचसे इथेच आहे. मध्यम आकाराच्या सोललेल्या कोळंबीला उकळत्या रसात तीन, फार तर चार मिनिटे पुरतात. करडा रंग जाऊन ती गुलाबी-केशरी झाली, तिचा जाड भागही अपारदर्शक दिसू लागला आणि ती अर्धचंद्रासारखी वळली की आच बंद करावी. तिचे पूर्ण कडे होईपर्यंत थांबू नये.

घरी आल्यावर सर्वांत आधी टोमॅटो चढवावा. चार जणांसाठी अर्धा किलो सोललेली कोळंबी आणि सहाशे ग्रॅम पिकलेले टोमॅटो घ्यावेत. टोमॅटो अर्धे कापून, कापलेली बाजू किसणीला लावून किसले की गर खाली पडतो आणि साल हातात राहते. उकडणे, सोलणे, मिक्सर काढणे, सगळे वाचते. पसरट पॅनमध्ये चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल मध्यम आचेवर तापवून बारीक चिरलेला एक कांदा मऊ करावा, त्यात लसणाच्या चार-पाच पाकळ्यांचे पातळ काप आणि एक सुकी मिरची घालावी. लसणाचे वाटण मात्र इथे टाळावे, कारण ठेचलेला लसूण फार उग्र होतो आणि लवकर करपतो, तर काप तेलात हळूहळू गोडसर होतात. मग टोमॅटोचा गर, अर्धा चमचा सुका ओरेगानो आणि अगदी थोडे मीठ घालून कडेने तेल सुटेपर्यंत, म्हणजे साधारण पंधरा मिनिटे, झाकण न ठेवता आटवावे. तेवढ्या वेळात कोळंबी सोलून, पाठीवरचा काळा धागा काढून, स्वच्छ फडक्याने टिपून कोरडी करता येते. आंबटपणाचा प्रश्नही इथेच सुटतो, कारण आटल्यावर टोमॅटोचा गोडवा पुढे येतो आणि लिंबाची गरजच राहत नाही.

ग्रीक स्वयंपाकी या टप्प्यावर पुष्कळदा थोडे उझो, म्हणजे तिथले बडीशेपेच्या वासाचे मद्य, घालतात. मद्य नको असेल तर चिमूटभर बडीशेप जाडसर कुटून घालावी. दोन्हींचा वास एकाच द्रव्यापासून येतो. नंतर कोळंबी घालून वर सांगितल्याप्रमाणे शिजवावी, आच बंद करून शंभर ग्रॅम फेटा चीज हाताने कुस्करून वर पसरावे आणि दोन मिनिटे झाकण ठेवावे.

फेटाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. 2002 मध्ये युरोपीय संघाने हे नाव ग्रीसच्या ठरावीक प्रदेशांतील चीजपुरते राखून ठेवले. ते मुख्यतः मेंढीच्या दुधाचे असते, त्यात बकरीचे दूध 30 टक्क्यांपर्यंत चालते आणि ते खारवणीत मुरते. आपल्याकडे फेटा या नावाने गाईच्या दुधाचे चीजही मिळते; ते सौम्य असते, पण या पदार्थाला चालते. पनीर घालू नये. त्याला ना खारटपणा असतो ना आंबटपणा, आणि इथे चीजकडून नेमक्या याच दोन गोष्टी हव्या असतात. चीज मिळाले नाही तर ते सरळ वगळावे, तरीही पदार्थ उत्तम होतो.

पार्सलीसाठी दूरच्या दुकानात जाण्याची गरज नाही. ग्रीक लोक मासळीत डिल नावाच्या ज्या सुवासिक पाल्याचाही भरपूर वापर करतात, त्याच्या अगदी जवळची भाजी म्हणजे आपला शेपू. कोवळा शेपू बारीक चिरून एक चमचाभर शेवटी वर घालावा. कोथिंबीर घातली की चव पुन्हा आपल्या ओळखीच्या वाटेने जाते, हळदीचेही तेच. सोबत भाताऐवजी लादीपाव भाजून द्यावा, कारण या जेवणात उरलेला रस पावाने टिपून खाणे हा मोठा आनंद असतो.

जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा गोठवलेली कोळंबी घ्यायला हरकत नाही. आदल्या रात्री ती चाळणीत ठेवून, खाली भांडे ठेवून फ्रिजमध्ये सुटू द्यावी आणि नीट टिपून घ्यावी.

प्रश्न : इटालियन पद्धतीचा पाण्यात शिजवलेला मासा संध्याकाळी पटकन होतो असे ऐकले. त्याला आपल्याकडचा कोणता मासा चालेल?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपण आक्वा पाझ्झाबद्दल विचारत असावात. नेपल्सच्या परिसरातील मासेमारांचा हा पदार्थ आहे. तेलात लसणाचे काप आणि अर्धे केलेले छोटे टोमॅटो पाच मिनिटे परतावेत, कपभर पाणी घालून चांगली उकळी आणावी, मासा ठेवून झाकण लावावे आणि मधूनमधून रस चमच्याने वरून सोडत राहावे. जोरदार उकळीने तेल आणि पाणी मिळून येतात आणि रस दाटसर होतो, म्हणून सुरुवातीची उकळी मंद ठेवू नये. मासा घातल्यावर आच थोडी कमी करावी. सहाशे-सातशे ग्रॅमच्या अख्ख्या माशाला बारा ते पंधरा मिनिटे लागतात, जाड तुकड्यांना सहा ते आठ. तांबोशी किंवा जिताडा याला सर्वांत चांगला, पापलेटही छान लागते. बांगडा तेलकट आणि वासाला तीव्र असल्यामुळे हा नाजूक रस झाकून टाकतो, आणि सुरमईच्या कापा लवकर कोरड्या पडतात.

प्रश्न : एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल तापवू नये असे म्हणतात. ते खरे आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. ते साधारण 190 ते 210 अंश सेल्सिअसला धुरावू लागते आणि वरच्या दोन्ही पदार्थांत मध्यम आचेवर ते तिथपर्यंत पोहोचत नाही. स्पेनपासून ग्रीसपर्यंत घरोघरी रोजचे परतणे आणि तळणेही याच तेलात होते. फक्त चमचाभर तेल बाजूला ठेवून पान वाढताना कच्चेच वर सोडावे, कारण त्याचा ताजा वास शिजताना बराचसा उडून जातो.