मँचेस्टरला निघालेल्या दापोलीच्या नर्सला

तू लिहिलंस, ‘आपा, ऑफर लेटर आलंय, पुढच्या महिन्यात निघायचंय. अब्बा म्हणतात तिथे दीन, म्हणजे धर्म, राहत नाही. नमाज, हिजाब, बँकेचं व्याज, सगळ्याचं नेमकं काय होतं?’ मीही दापोली तालुक्यातलीच, 15 वर्षं मँचेस्टरच्या सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे. अब्बांना माझा सलाम सांग. त्यांची काळजी खोटी नाही, पण त्यांना वाटतं ती अडचण इथे नाही, वेगळीच आहे.

निघण्याआधी मौलवीसाहेबांकडे दोन संध्याकाळी बस आणि फर्ज (सक्तीचं), सुन्नत (पैगंबरांची रीत), मकरूह (टाळावं असं) आणि नुसता रिवाज यांतला फरक पक्का करून घे. आपल्याकडे अजान झाली की अख्खा मोहल्ला हलतो, त्यामुळे फर्ज कुठलं आणि दादीची सवय कुठली हे कुणी विचारतच नाही. इथे वॉर्डची मॅनेजर अगदी सरळपणे विचारते, ‘हे तुमच्या धर्मात सक्तीचं आहे, की तुमची आवड?’ पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी गप्प झाले. उत्तर ठाऊक असेल तर बहुतेक वेळा सोय होते. घुटमळलीस तर कुणी मागे लागून विचारणार नाही.

दुसरं म्हणजे मजहब, म्हणजे धर्माचे नियम लावण्याची परंपरा. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, आणि इथल्या पाकिस्तानी, बांगलादेशी, गुजराती मशिदी बहुतेक हनफी. गावात असताना हा फरक मला फक्त नावापुरता माहीत होता. असर, म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज, शाफईंची आधी लागते, हनफींची नंतर. जूनमध्ये दोन्हींत तासाहून जास्त अंतर पडतं. मशिदीच्या वेळापत्रकात असरच्या दोन वेळा दिसल्या तर गोंधळू नकोस. पहिल्या वर्षी मी शेजारच्या लाहोरच्या बाईंना हौसेने कुर्ल्यांचं कालवण नेऊन दिलं. त्यांनी शुक्रिया म्हणून भांडं ठेवून घेतलं. हनफी कुर्ली खात नाहीत, हे मला सहा महिन्यांनी कळलं!

आपल्या कामात सगळ्यात मोठा प्रश्न वजूचा, म्हणजे नमाजाआधी हात, तोंड, पाय धुण्याचा. शाफई मजहबात गैरमहरम, म्हणजे ज्याच्याशी लग्न होऊ शकतं अशा, पुरुषाच्या त्वचेला हात लागला की वजू तुटतो, आणि आपण दिवसभर पुरुष पेशंटची नाडी बघतो, अंग पुसतो. इलाजासाठी हात लावणं हा गुन्हा नाही, ती जरुरत आहे. पण वजू परत करावा लागतो. हातमोजे असतील तर तुटत नाही. स्टाफच्या बाथरूममध्ये बेसिनमध्ये पाय धुताना कुणी आत आलं की दोघींचीही पंचाईत. त्यावर उपाय चामड्याच्या मोज्यांचा: सकाळी पूर्ण वजू करून घातलेस की प्रवासात नसताना 24 तास, पाय धुण्याऐवजी, त्यांच्यावर ओला हात फिरवून मसह करता येतो. साध्या सुती मोज्यांवर चालत नाही. तेवढे दोन जोड तिथूनच आण.

हिजाबला वॉर्डवर अडवत नाहीत, तो साधा आणि रोज धुतलेला हवा. बाह्यांचा मात्र नियम आहे: पेशंटजवळ जाताना कोपराखालचा हात उघडा, घड्याळसुद्धा नको. 2010 साली आरोग्य खात्याच्या सूचनांमध्ये, धर्मामुळे हात झाकणाऱ्यांसाठी वापरून टाकायच्या बाह्यांची सोय लिहिली गेली. पहिल्याच आठवड्यात मागून घे. अल्कोहोलच्या हँड जेलची चिंता करू नकोस, ते प्यायचं नाही.

वेळांचं सांगते. डिसेंबरात सूर्य चारच्या आधी मावळतो, म्हणून दुपारची जोहर, मग असर आणि सूर्यास्तानंतरची मगरिब, तिन्ही नमाज एकाच ड्युटीत येतात. मी जेवणाच्या सुट्टीचे तुकडे करून घेते. बहुतेक हॉस्पिटलांत सर्व धर्मांसाठी प्रार्थनेची खोली असते. उन्हाळ्यात उलटं. ऐन जूनमध्ये रात्र पुरती काळोखी होतच नाही, म्हणून इशा (रात्रीची नमाज) आणि सेहरी (रोज्याआधीचं पहाटेचं खाणं) यांच्या वेळा मशिदीगणिक वेगळ्या. एका मशिदीचं वेळापत्रक धर आणि त्यालाच चिकटून राहा; सोयीची वेळ शोधत फिरलीस तर मनाला चैन पडणार नाही. 2016 चा रमजान जूनमध्ये होता, सुमारे 19 तासांचा रोजा. तुझं नशीब चांगलं, आता रमजान हिवाळ्याकडे सरकलाय. 2030 मध्ये तर एकाच वर्षात दोनदा येईल, जानेवारीत आणि डिसेंबरात.

व्याज, म्हणजे रिबा. पगाराचं खातं व्याजाशिवायचं मिळतं, तिथे अडत नाही. अडतं घर घेताना. 2004 साली इस्लामिक बँक ऑफ ब्रिटन सुरू झाली, आजची अल रयान बँक. अशा व्यवहारात बँक आणि तू मिळून घर घेता, बँकेच्या हिश्शाचं भाडं देता देता तो हिस्सा तू विकत घेतेस. आधी यात दोनदा खरेदी झाली असं धरून मुद्रांक शुल्क दोनदा लागायचं, 2003 च्या कायद्याने ते थांबलं. महिन्याची रक्कम साध्या कर्जाच्या आसपासच जाते, म्हणून काहीजण म्हणतात, नुसतं नाव बदललं. मला ते पटत नाही, करार वेगळा आहे. तरी आम्ही नऊ वर्षं भाड्यानेच राहिलो.

आता जे तू विचारलं नाहीस ते. तुझं लग्न व्हायचंय. गावात झालेला निकाह तिथल्या कायद्याने लग्न आहे, म्हणून इथेही मानतात. पण इथे इंग्लंडमध्ये एखाद्या हॉलमध्ये इमामांनी वली (मुलीचा पालक), दोन साक्षीदार आणि मेहर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) ठरवून निकाह लावला, आणि सरकारी नोंदणी केली नाही, तर कायद्याच्या नजरेत तू अविवाहितच. 2020 साली अपील कोर्टाने हेच सांगितलं. माझ्या ओळखीतली एक मुलगी सात वर्षांच्या संसारानंतर वेगळी झाली तेव्हा तिला कळलं की घरावर बायको म्हणून तिचा काही हक्क नाही, कारण कागदोपत्री ती बायकोच नव्हती. ‘नंतर करू नोंदणी’ असं कुणी म्हटलं तर त्याच दिवशी रजिस्ट्रारकडे चल म्हणावं. मेहर जसा तुझा हक्क, तसाच तो कागदही.

खाण्याचं फार लिहीत नाही. हलाल सगळीकडे मिळतं. बकरा-कोंबडीला कापण्याआधी गुंगी दिली की नाही यावरून इथल्या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांत वाद आहे. जिलेटिन आणि सॉसमधली वाइन बघत जा. ड्युटीनंतर सगळ्यांबरोबर पबात मी एकदा गेले, संत्र्याचा रस घेऊन बसले. घरी येईपर्यंत मन खात होतं, मग गेले नाही. केक कापायला मात्र सगळ्यांत पुढे असते.

नोकरीत सगळ्यांना ‘प्रिव्हेंट’ नावाचं दहशतवादविरोधी ऑनलाइन प्रशिक्षण करावं लागतं, तुलाही. त्या दिवशी चहाला कुणीतरी जिहादचा अर्थ विचारेलच. चिडू नकोस. आपली अम्मी पहाटे चारला उठून फजरच्या नमाजाला बसते, नफ्सशी, म्हणजे स्वतःच्या मनाच्या ओढीशी, झगडते, तो जिहाद. मी एवढंच सांगते. फतवा म्हणजे मुफ्तींचं मत, हेही सांगून टाकते.

आणि टमरेल आणू नकोस, बॅगेत उगाच जागा अडवतं. इथे बागेत पाणी घालायची छोटी प्लास्टिकची झारी मिळते, आपल्या प्रत्येकाच्या बाथरूममध्ये एक असतेच. तुझ्यासाठी मी घेऊन ठेवते.