पाटी इटालियन, बिऱ्हाड कुणाचं?

बदली न्यूयॉर्कला, मुलगी चौथीत, आणि तुम्ही विचारताय की इटालियन वस्तीत घर बघावं का. जुनी, कुटुंबवत्सल वस्ती असते असं ऐकलंय म्हणून. व्हिसा, बँक वगैरे सरकारी साइटवर आहे, ते सोडतो.

मॅनहॅटनच्या लिटल इटलीत इटालियन आता फारसे राहत नाहीत. 1950 मध्ये तिथे इटलीत जन्मलेले 2,149 लोक होते, 2000 च्या जनगणनेत 44. मलबेरी स्ट्रीटवर उरलीत ती हॉटेलं, तिरंगी पताका (त्यांचाही हिरवा-पांढरा-लालच) आणि सप्टेंबरातली सान जेन्नारो या संताची 11 दिवसांची जत्रा. 1924 च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने इटलीचा कोटा वर्षाला चार हजारांच्या खाली आणला, गावाकडून नवी माणसं यायची थांबली. मुलं ब्रुकलिनला गेली आणि 1964 मध्ये व्हेराझानो पूल झाल्यावर पुढची पिढी स्टेटन आयलंडला.

ब्रुकलिनमधलं बेन्सनहर्स्ट त्याच वाटेवर आहे. 18व्या अव्हेन्यूला क्रिस्टोफोरो कोलोम्बोचं, म्हणजे कोलंबसचं, नाव आहे, पण भाजी, मासळी, दवाखाने आता बरेचसे चिनी. तरी घर तिथे बघायला हरकत नाही. विटांची दोन-तीन बिऱ्हाडांची घरं, मालक अनेकदा त्याच घरात. मोठ्या इमारतीत वार्षिक पगार महिन्याच्या भाड्याच्या 40 पट मागतात, म्हणजे 2,500 च्या घराला एक लाख डॉलर, वर अमेरिकेतला क्रेडिट इतिहास. तुमचा शून्य असणार. घरात राहणारा मालक कंपनीचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा बघून बऱ्याचदा तयार होतो. अनामत एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, भाडेकरूच्या तपासणीची फी 20 डॉलरच्या वर नाही. बेसमेंट स्वस्त दिसलं तर शहराच्या बांधकाम खात्याच्या साइटवर त्या घराचा वापर-दाखला (सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी) बघा. त्यात ते बिऱ्हाड नसेल तर एक दिवस सामानासकट बाहेर. आणि 86व्या रस्त्याकडे खिडकी नको, डी नावाची मेट्रो तिथे डोक्यावरून धावते.

आता शाळा. प्राथमिक शाळा पत्त्यावर ठरते, म्हणून आधी शाळा बघा, मग घर. पत्त्याचे दोन पुरावे लागतात: करारनामा, आणि 60 दिवसांच्या आतलं विजेचं किंवा गॅसचं बिल. बिल मालकाच्या नावावर असेल तर दुसरा कुठला कागद चालेल ते शाळेत आधीच विचारा.

त्यानंतर हातात येतो घरच्या भाषेचा फॉर्म. 'मराठी' लिहिलंत की मुलीची मुलाखत, मग लागलीच तर इंग्रजीची परीक्षा: ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. ती पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकली हे कुणी विचारात घेईलच असं नाही. सर्वात वरची 'कमांडिंग' पातळी मिळाली नाही तर इंग्रजी शिकणाऱ्यांत नाव जातं, ते तास नाकारता येत नाहीत, आणि सुटका दर वसंतातल्या परीक्षेवर. उच्चार न कळल्याने, बुजल्याने मुलं खाली जातात. निकाल पटला नाही तर प्रवेशापासून शाळेच्या 45 दिवसांत लेखी फेरतपासणी मागा. ही मुदत आपणहून कुणी सांगत नाही, आणि गेली की गेली.

म्हणून कित्येक आईबाप सरळ 'इंग्रजी' लिहितात. इटालियनांचंही हेच झालं. लिओनार्ड कोव्हेलोचं आडनाव मुळात कोव्हिएलो. शाळेत बाईंना जड गेलं म्हणून एक अक्षर गळालं, आणि त्याच्या आईला ते फार लागलं. पुढे हाच ईस्ट हार्लेमच्या हायस्कूलचा मुख्याध्यापक झाला आणि शहराच्या शाळांत इटालियन शिकवावी म्हणून झगडला. त्याचं ते ईस्ट हार्लेम आता बरंचसं स्पॅनिश बोलतं. आमच्या फॉर्मवर काय लिहिलं होतं ते विचारू नका. तुम्ही 'मराठी' लिहा आणि परीक्षेची तयारी करून घ्या.

एकटेपणाचं विचारलंत. वाटतो. न्यू जर्सीतल्या एडिसनला ओक ट्री रोडवर कोथिंबीर, पोहे, मंडळाचा गणपती सगळं आहे, पण तिथून मॅनहॅटनची गाडी साधारण तासाची, आणि त्या रस्त्याच्या पाट्याही पन्नास वर्षांनी कुणाच्या असतील कोण जाणे.

तो भाषेचा फॉर्म खिडकीवर देतात, उभ्याने भरायचा असतो आणि मागे रांग असते. नवरा-बायकोंनी आदल्या रात्रीच ठरवून जा.