लांडगा वाचवायचा तर इंजेक्शन कुत्र्याला

प्रश्न असा होता की डिसेंबरमधे इथिओपियाला चाललोय, बाले पर्वतात तो लाल इथिओपियन लांडगा बघायचाय, पण फोटोत तर तो सरळ सरळ कोल्हा दिसतो, आणि जगात पाचशेच्या आसपासच उरलेत म्हणतात तर मग एखाद्या झूमधे नेऊन ब्रीडिंग करून वाढवत का नाहीत. मी 2019 ला तिकडे जाऊन आलोय आणि त्यानंतर या प्राण्याबद्दल मिळेल ते वाचत बसायची सवय लागलीये, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी कोल्ह्याचं. तुमचं काही चुकलं नाही, तिथल्या लोकांनाही तो कोल्हाच वाटतो. अम्हारिकमधे त्याला 'काय कबेरो' म्हणतात म्हणजे लाल कोल्हा, आणि बालेतले ओरोमो लोक म्हणतात 'जेदाला फर्दा', घोड्याचा कोल्हा, कारण घोडी किंवा गाय व्यायला झाली की हा मागे मागे फिरत राहतो, वार पडली की खायला. लांब निमुळतं तोंड, बारीक पाय, विटकरी तांबूस अंग, गळा आणि छाती पांढरी, नर जेमतेम 14 ते 19 किलो आणि मादी त्याहून हलकी. आपल्या माळावरचा लांडगा त्याच्या शेजारी उभा केला तर दांडगा वाटेल. पण नातं जुळतं ते लांडग्याशी आणि अमेरिकेतल्या कायोटीशी, आफ्रिकेतल्या काळ्या पाठीच्या कोल्ह्याशी नाही. शास्त्रीय नाव कॅनिस सिमेन्सिस, एकोणिसाव्या शतकात रुपेल नावाच्या जर्मन निसर्ग अभ्यासकाने दिलेलं, उत्तरेतल्या सिमेन पर्वतावरून. गंमत म्हणजे आता सिमेनमधे मोजकेच उरलेत आणि निम्म्याहून जास्त लांडगे आहेत पार दक्षिणेला बालेमधे.

आता मुख्य मुद्दा, तो संपत का चाललाय. लोकांना वाटतं शिकार होत असेल, कातडी विकत असतील. तसं नाहीये. गोळ्या घालणं होतं, विशेषतः उत्तरेकडे कोकरं उचलतो म्हणून राग आहे, आणि 1991 ला तिथलं सरकार पडलं त्या गोंधळात बंदुका गावोगाव पोचल्या तेव्हा बरेच मारले गेले, पण खरा घात करतो तो कुत्रा. म्हणजे कुत्रा स्वतः फाडून खातो असं नाही हो, रेबीज आणि डिस्टेंपर, हाही कुत्र्यांमधला एक विषाणूचा रोग. आपल्याकडे एक म्हण आहे ना, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, वेडेपणा दाखवायला वापरतो आपण. इथे मात्र शब्दशः तेच औषध आहे, आजार लांडग्याला आणि इंजेक्शन कुत्र्याला.

हे नीट कळायला तो राहतो कसा ते बघावं लागेल. गोबा गावातून गाडी वर चढायला लागते, आधी जंगल, मग झाडांएवढ्या वाढलेल्या हेदरचं झुडूप, आणि मग एकदम सगळं संपून सानेत्तीचं पठार सुरू होतं, उंची 4000 मीटरच्या आसपास. कळसूबाईवर कळसूबाई ठेवली आणि वर अजून अर्धी ठेवली तर जिथे पोचाल तिथे हा सपाट माळ आहे. मी गाडीतून सरळ वर गेलो, एक रात्रही मधे थांबलो नाही, आणि पहिला अर्धा दिवस डोकं धरून बसलो होतो, तुम्ही ही चूक करू नका. मधे मधे माणसापेक्षा उंच लोबेलियाचे खांब, चंदेरी रंगाची ठेंगणी झुडपं, थोडी डबकी, आणि वारा. बाकी ओसाड वाटतं. वाटतं म्हणतोय कारण जमीन खालून जिवंत असते, उंदीरच उंदीर.

याचं सगळं पोट या उंदरांवर. खाण्यातला 95 टक्क्यांच्या आसपास भाग उंदीर. त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे तिथला बिळातला मोठा उंदीर, आपल्या घुशीएवढा ऐवज, पाऊण किलोच्या पुढेही जातो, डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, आणि हा जगात फक्त बालेतच सापडतो. मी तासभर एक शिकार बघितली ती सांगतो. लांडगा एकटाच होता. उंदराने बिळातून अर्धं अंग बाहेर काढून आजूबाजूचं गवत ओरबाडायला सुरुवात केली तसा हा वीस पावलांवर जमिनीला पोट लावून थिजला, कान पुढे. उंदीर आत गेला की हा चार पावलं पुढे सरकायचा, बाहेर आला की पुन्हा दगड. शेवटी झेप घेतली तर उंदीर आत, आणि यानं पुढच्या पायांनी असं उकरायला घेतलं की मागे मातीचा फवारा उडत होता, अख्खं डोकं बिळात. तोंड बाहेर काढलं तेव्हा नाकाला चिखल आणि तोंडात काहीच नाही. इकडे तिकडे बघितलं, आणि दुसऱ्या बिळाकडे निघून गेला, जसं काही झालंच नाही. (माझ्याकडे या सगळ्याचा एकही धड फोटो नाही, हात गारठले होते.)

म्हणजे शिकार एकट्याची आणि तीही दिवसाउजेडी. पण राहणं मात्र एकत्र कुटुंबाचं, पाच-सहा पासून दहा-बारा मोठे लांडगे एका कळपात. पहाटे आणि संध्याकाळी सगळे गोळा होतात, एकमेकांची तोंडं चाटतात, कुईकुई करत शेपट्या हलवत भेटतात, हद्दीवर एकत्र फेरी मारून येतात, आणि रात्री बिळाबिळात न जाता उघड्यावर एकमेकांना चिकटून झोपतात. पिल्लं फक्त थोरल्या मादीला होतात आणि बाकीचे सगळे त्या पिल्लांना पोटातलं उलटून भरवतात, कधी कधी धाकट्या माद्या दूधही पाजतात. किती छान असं वाटतं वाचताना, मलाही वाटलं होतं. पण आता यात एक पिसाळलेला घाला. तोंड चाटणं, एकत्र झोपणं, एकमेकांना भरवणं, सगळी माया तीच रोगाची वाट होते. एक चावला गेला की काही आठवड्यात कळपच्या कळप जातो, आणि चांगल्या भागात लांडगे इतके दाट असतात की कळपाच्या हद्दीला लागून दुसऱ्याची हद्द, मग पुढचा कळप.

हे नुसतं कल्पनेतलं नाहीये. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रेबीजने बालेतले निम्म्याहून जास्त लांडगे नेले. 2003-04 ला परत आला तेव्हा बालेतल्याच वेब खोऱ्यातले चारातले तीन गेले. मग 2008-09, मग 2014. मधल्या काळात 2006, 2010 आणि 2015 ला डिस्टेंपर. दर पाच-सात वर्षांनी एक तडाखा असा हिशोब बसलाय. पडले की पुन्हा वाढतात, तेवढी ताकद आहे त्यांच्यात, पण वाढून वर येईपर्यंत पुढचा तडाखा येतो.

आणि कुत्रे वर आले कुठून? तर माणसाबरोबर. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याबद्दल कमी बोललं जातं. खालची जमीन पुरत नाही म्हणून सातू आणि बटाट्याची शेती डोंगर चढत चढत वर आलीये, 3200 मीटरच्या वरची सुद्धा निम्म्याहून जास्त जमीन नांगराखाली गेलीये. त्याच्या वर गुरं, शेळ्या, मेंढ्या, घोडी. बालेत ओरोमो लोकांची जुनी पद्धत आहे 'गोदांतू' म्हणतात, हंगामानुसार गुरं वर-खाली न्यायची, आपले धनगर पावसाळा संपला की कोकणात उतरतात तसंच काहीसं, फक्त पूर्वी वर काही महिने असायचे आणि आता बरीच कुटुंबं बारा महिने वरच राहतात. आणि गुरं आली की रात्री तरस येणार, बिबट्या येणार, म्हणून कुत्रे. या कुत्र्यांना कोणी ताटात भाकरी वाढत नाही, ते घाण, मेलेलं जनावर, मिळेल ते खाऊन जगतात, माळावर भटकतात, लांडग्याशी भांडतात, आणि कधी कधी जुळतात सुद्धा, बालेत संकर झालेली पिल्लं सापडलीयेत. (आपल्याकडे हसायचं कारण नाही, पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्र्याच्या संकराचा जनुकीय पुरावा 2023 मधे मिळालाय.)

मग कुत्रे हाकलून द्या म्हणणारे भेटतात. त्यांनी एक रात्र त्या झोपडीत काढावी, बाहेर तरस ओरडत असताना. कुत्रा जाणार नाही, माणूसही जाणार नाही, मग उरतं काय तर कुत्र्यांना टोचणं. इथिओपियन वुल्फ कन्झर्वेशन प्रोग्राम म्हणून आहे, ऑक्सफर्डचे क्लॉदिओ सिलेरो यांनी 1995 ला सुरू केला, तेव्हापासून त्यांची माणसं, बहुतेक तिथलीच, घोड्यांवरून वाड्यावस्त्यांवर जाऊन दरवर्षी हजारो कुत्रे टोचतात. मी एका वस्तीवर हे बघितलं. कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी धरतंय, तो पिसाटल्यासारखा करतोय, आणि एक आठ-नऊ वर्षांचा पोरगा त्याच्या मानेवर मांडी टाकून दोन्ही कान घट्ट धरून बसलाय आणि आपली आई बाळाशी बोलते तसं त्याच्याशी बोलतोय. सुई लागली, पोरगा उठला, कुत्रा जो पळाला तो टेकाडापलीकडे, आणि सगळी वस्ती हसायला लागली. लोक खुशीने आणतात कारण रेबीज त्यांच्या पोरांना आणि गुरांनाही होतो, लांडग्यासाठी म्हणून कोणी आणत नाही, आणि त्यात गैर काही नाही.

पण हे भांडं गळकं आहे. दरवर्षी नवी पिल्लं, हंगामात बाहेरून आलेले नवे कुत्रे, तेवढ्यांनी साखळी पुन्हा जोडली जाते. म्हणून मग लांडग्यांनाच लस. आधी साथ आली की पकडून टोचायचे, आणि त्यातून एक कामाची गोष्ट कळली, 2006 मधे नेचर या विज्ञान नियतकालिकात छापून आलंय, की सगळ्यांना टोचायची गरज नाही, दोन खोऱ्यांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्ट्यातल्या कळपांना टोचलं तरी आग पलीकडे जात नाही. पण ते साथ आल्यावर. आधीच तयारी म्हणून 2018 पासून तोंडावाटे द्यायची लस सुरू झाली, शेळीच्या मांसाच्या तुकड्यात लशीची पुडी, रात्री कळपाच्या जागी ठेवायची, लांडगा चावला की पुडी फुटून तोंडात पसरते. युरोपात कोल्ह्यांचा रेबीज अशाच आमिषांनी आटोक्यात आणला होता. डिस्टेंपरसाठी मात्र असं सोपं आमिष नाही.

आता झूचं. जगात एकाही झूमधे हा लांडगा नाही, एकही नाही. पण समजा उद्या जमवलं आणि शंभर पिल्लं झाली, सोडणार कुठे? आता तो उरलाय तो पाच-सहा तुटक डोंगरमाथ्यांवर, मधे सगळी शेती आणि गावं, इकडचा तिकडे जाऊ शकत नाही, समुद्रातल्या बेटांसारखं. काही बेटांवर तर इतके कमी की एक साथ आली की खेळ खल्लास, गोज्जामच्या चोके डोंगरावरून तर संपलाच. जिथे कुत्रे बिनटोचलेले आहेत आणि गवत उरलेलं नाही तिथे झूचा लांडगा सोडणं म्हणजे फुटक्या हौदात टँकर रिकामा करणं. रिकाम्या डोंगरावर पुन्हा नेऊन सोडायची वेळ येईलही, पण आधी तो डोंगर राहण्यासारखा पाहिजे.

तसा डोंगर कसा असतो ते बघायचं असेल तर अदिस अबाबाच्या उत्तरेला मेन्झ-ग्वासाला जा, बालेपेक्षा जवळ आहे आणि गर्दी नाही. तिथल्या लोकांनी जवळपास चारशे वर्षं स्वतःच्या नियमाने गवत राखलंय. 'केरो' म्हणतात त्या पद्धतीला. काही वर्षं माळ बंद, चराई नाही कापणी नाही, गवत तयार झालं की ठरलेल्या दिवशी उघडायचा, छपराला आणि दोरखंडाला गवत न्यायचं. 1975 ला लष्करी राजवटीने जमिनी सरकारजमा केल्या तेव्हा ते मोडलं, नंतर लोकांनी वेगळ्या रूपात परत उभं केलं. हे कोणी लांडग्यासाठी केलं नव्हतं, छप्पर गळू नये म्हणून केलं होतं, पण गवत राहिलं म्हणून उंदीर राहिले आणि उंदीर राहिले म्हणून लांडगा. तिथेच गेलाडा माकडांचे मोठे कळप गवत उपटत बसलेले असतात आणि लांडगा त्यांच्यातून हळू चालत फिरतो, माकडं पळत नाहीत. अभ्यासात निघालं की माकडांच्यात असताना तीनातले दोन प्रयत्न यशस्वी होतात आणि एकटा असताना चारातला एक. त्यांच्या पिल्लांकडे तो बघतही नाही, बघितलं तर ही सोय बंद होईल बहुतेक.

एक शेवटचं, कारण प्रश्नाच्या खाली कोणीतरी तो फुलं चाटणारा लांडग्याचा फोटो टाकून एआय आहे म्हणून हसलंय. खरा आहे तो. तांबड्या-पिवळ्या कणसासारखी फुलं येतात तिथे, निफोफिया, त्यातला मध हे लांडगे चाटतात, 2024 ला त्यावर पेपर आलाय, एका लांडग्याने एका फेरीत 30 पर्यंत फुलं चाटली, तोंडाला पराग लागलेले. म्हणजे परागीभवनही करत असेल, एवढा मोठा मांसाहारी प्राणी हे करतोय असं पहिल्यांदाच नोंदलं गेलं. डिसेंबरमधे फुलं बहुधा संपलेली असतील, पण पिल्लं ऑक्टोबर ते डिसेंबर होतात त्यामुळे बिळाबाहेर खेळताना दिसायची शक्यता चांगली, दुर्बीण न्या, बिळाजवळ जाऊ नका, माणसाचा त्रास झाला की आई पिल्लांना उचलून दुसरीकडे नेते. खाली गोबा किंवा डिन्शो गावात दोन रात्री काढा मगच वर चढा. आणि रस्त्याच्या कडेला कुत्रे गाडीमागे धावत येतील, फार केविलवाणे दिसतात, त्यांना बिस्किटं टाकू नका, नाहीतर गाड्यांची वाट बघत ते कायमचे पठारावरच बसतील.