'अ सेपरेट पीस' या कादंबरीत जीनने झाडाची फांदी मुद्दाम हलवून मित्राला, फिनीला, खाली पाडलं का?

माझ्या मते हलवली. पण फिनीशी असलेल्या स्पर्धेपोटी हलवली असं नेहमी म्हटलं जातं, तशी नाही. स्पर्धा नव्हतीच, हे कळल्यामुळे हलवली.

जॉन नोल्सची ही कादंबरी १९५९ची. काळ १९४२चा उन्हाळा, बाहेर महायुद्ध, आत डेव्हन नावाची निवासी शाळा, तिथे जीन आणि फिनी एकाच खोलीत. फिनी जीनला समुद्रावर घेऊन जातो, दुसऱ्या दिवशी जीन त्रिकोणमितीत नापास होतो आणि त्याच्या डोक्यात बसतं की हा आपल्याला मुद्दाम मागे खेचतोय. (हाच फिनी पोहण्यातला शाळेचा विक्रम मोडतो आणि वर 'कुणाला सांगू नको' म्हणतो. त्याला मार्कांची कसली असूया!) मग एका संध्याकाळी जीन अभ्यासावरून भडकतो, तेव्हा फिनी सहज बोलून जातो की तुला हे सगळं आपोआप येतं असं मला वाटायचं. त्यानंतर थोड्याच वेळात झाडावर जीनचे गुडघे वाकतात, फांदी हलते आणि फिनी खाली पडतो.

ते पान मी दोनदा वाचलं, कारण तसलंच एक माझ्याही खात्यावर आहे.

सोलापुरात आठवी ते दहावी मी वसतिगृहात होतो. शेजारच्या कॉटवर अक्कलकोटचा एक जण. दर रविवारी त्याच्या घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी यायची, डबा उघडला की अर्धा माझा. पहिला नंबर कधी त्याचा, कधी माझा. दहावीच्या जानेवारीत, प्रिलिम चालू असताना तो म्हणाला, "चल की बे, होम मैदानावर दारूकाम बघून येऊ." गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, गर्दीतून आतषबाजी बघून परतायला बारा वाजले. सकाळी भूमितीचा पेपर गेला. यानेच मला बुडवलं, हे मी मनात पक्कं केलं. त्याचाही पेपर तितकाच बेकार गेला होता, ते हिशेबात धरलंच नाही.

बोर्डाच्या आदल्या रात्री तो म्हणाला, "तू पहिला येतोयस की बे. मी दुसरा आलो तरी आमच्या घरी पेढे वाटतेत." मी महिनोन् महिने ज्याच्याशी झुंजत होतो, तो मैदानात उतरलाच नव्हता. चीड आली ती त्याची.

गजराचं घड्याळ माझ्याकडे. चारला उठव म्हणून त्याने सांगून ठेवलेलं. चाराला दोन मिनिटं कमी असताना मी जागा होतो. गजराची खुंटी माझ्या बोटाखाली होती, ती मी खाली दाबली आणि पुस्तक उघडलं.

साडेसहाला तो धडपडत उठला. "तुलापण झोप लागली काय बे?"

मी हो म्हणालो.

जीन निदान फिनीच्या घरी जाऊन कबुली द्यायला बघतो, फिनीच ऐकून घेत नाही. अक्कलकोट इथून चाळीसेक किलोमीटर. मी अजून गेलेलो नाही.